दोन बोटं माया

६ नोव्हेंबर
वकीलबाई म्हणाल्या, घरी कोण आलं, काय बोललं, ते तारीख घालून लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल. मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली, मला आकडे पळत येतात आणि अक्षरं लंगडत. त्या म्हणाल्या, लंगडत येऊ देत, पण खरी येऊ देत.

म्हणून बापाच्या मापाच्या वहीत लिहितेय. पुढची पानं त्याची, मी मागून सुरुवात केली. नवी वही कशाला आणायची, अर्धी कोरीच पडलीय.

बाप जाऊन तीन आठवडे झाले. शिंपी होता, कोट शिवायचा. खाली दुकान, वर दोन खोल्या. आम्ही तिघं. मी थोरली. मधला भाऊ ऑफिसात खुर्चीवर बसतो म्हणून सगळे त्याला साहेब म्हणतात. मीही म्हणते, माझ्या तोंडून ती शिवी वाटते एवढंच. धाकटी परगावी औषधाच्या दुकानात आहे.

बापाने मृत्युपत्र केलं नाही. गिऱ्हाइकाच्या आतल्या खिशाची खोली लिहून ठेवणारा माणूस. घर कुणाचं ते लिहायला त्याला पेन्सिल सापडली नाही.

७ नोव्हेंबर
काल लिहायचं राहिलं. वकीलबाईंनी कायदा सांगितला.
"मृत्युपत्र नसलं की सगळी मुलं सारखी."
"सारखी कशी? मी चाळीस वर्षं त्या दुकानात बसले. साहेबाने काय केलं?"
"साहेब जन्मले. कायद्याला तेवढं पुरतं."
मी उठून निघालेच होते. पण बाई सरळ बोलते, ते बरं वाटलं. बसले परत.

मला दुकान पाहिजे. दुसरं काही नको. तीन हिस्से केले तर विकावंच लागेल आणि विकलं तर मी रस्त्यावर. पन्नाशीत कुणाच्या दारात जाऊन उभी राहू, मला काजं करायला घ्या म्हणून? लग्न झालं होतं माझं, सहा महिन्यांत परत आले. तेव्हा बाप एवढंच म्हणाला होता, "मशीनला तेल घाल." तेल घातलं, बसले. ती आजपर्यंत उठलेली नाही.

माझं मशीन भिंतीकडे तोंड करून आहे. मागे बापाचं कापायचं टेबल. त्याचं तोंड बघायचं तर मान वळवावी लागायची, आणि मान वळवली की ओरडायचा, "सुईकडे बघ." चाळीस वर्षं मी भिंत बघितली. त्याने माझ्याकडे कधी बघितलं असेल असं मला आठवत नाही.

९ नोव्हेंबर
साहेब आला. सोबत एक जाडा माणूस, हातात लोखंडी टेप. दुकानाची रुंदी मोजायला लागला.
मी विचारलं, "कोट शिवायचाय का दुकानाला?"
साहेब म्हणाला, "ताई, हे फक्त बघायला आलेत."
"बघायला डोळे लागतात, टेप नाही लागत."
"विकलं की तिघंही मोकळे होऊ, ऐक जरा."
"मी मोकळी होऊन राहू कुठे? तुझ्या टेबलाच्या खणात?"
जाड्याने भिंतीला टेप लावला. मी कापायची मोठी कात्री घेतली आणि नुसती उघडझाप केली. जाड्या बाहेर जाऊन उभा राहिला. त्याचा टेप आतच राहिला, तो मी दिला नाही.

१० नोव्हेंबर
गणवेशांची बटणं. हात दुखतो.

१३ नोव्हेंबर
आज नवीनच निघालं.

बाप दवाखान्यात तीन दिवस होता. भावजय, साहेबाची बायको, ती बसली होती उशाशी. मी एकदा गेले, झोपला होता, परत आले. शाळेचे गणवेश द्यायचे होते. त्याला विचारलं असतं तर तोच म्हणाला असता, आधी काम. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

तर आज दोघं आले. भावजय म्हणजे पाणी, ओताल त्या भांड्यासारखी. साहेब तिला म्हणाला, सांग ताईला, मला सांगितलंस ते.
ती म्हणाली, "वन्सं, बाबा शेवटच्या दिवशी दुपारी बोलले. म्हणाले, थोरलीला सांग, तिच्यासाठी माया ठेवलीय. आणि अशी दोन बोटं दाखवली."
तिने दोन बोटं जुळवून वर केली.
"आणि हे तू आज सांगतेस?"
"यांनी सांगितलं, घाई नको करू."
बघा. महिना होत आला, बाई घाई करत नव्हती.

साहेब म्हणाला, "दोन म्हणजे दोन पेट्या. नाहीतर दोन जागा. सोनं असेल, कागद असतील. तुला माहीत असणारच, तू इथेच असतेस."
मी म्हटलं, "मला त्या माणसाची कुठलीच माया कधी दिसली नाही. तुला दिसली तर मलाही दाखव."
"ताई, नाटक नको. आधी ते बाहेर काढ, मग दुकानाचं बोलू. तोवर मी कशावरही सही करणार नाही."
गेले. साहेबाला आधीच दोन बोटं स्वर्ग उरलाय, आता बापाच्या दोन बोटांनी तो पुरता वर चढला.

१५ नोव्हेंबर
वकीलबाईंनी खरं लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. मीही शोधलं. दार लावून, भर दुपारी, आजारी आहे अशी पाटी लावून. पेटी उपसली, गादी उसवली, कोट चढवायच्या पुतळ्याच्या पोटात हात घातला. भुसा. कापायच्या टेबलाखालची फळी काढली. मोडक्या सुया, फुटकी बटणं, खडूचे तुकडे आणि माझं बोटात घालायचं अंगुस्तान, जे मी तीन वर्षांपूर्वी हरवलं म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या. त्याच्याच खणात.

आपल्याच घरात चोरासारखं वाटलं. गादी पुन्हा शिवली. बारीक टाका घातला, कुणाला कळणार नाही.

१८ नोव्हेंबर
एक कोट डोक्याला ताप झालाय. बाप आजारी पडला तेव्हा पुतळ्यावर होता, अजून तिथेच आहे. काळी लोकर. हे त्याचं ठेवणीतलं कापड. मी वीस वर्षांत तो तागा तीनदा झटकला असेल, बाप तो कुणाला दाखवायचा नाही. मोठमोठी गिऱ्हाइकं आली, म्हणाला, संपलं. ते कापड कुणासाठी कापलं?

बायकी कोट आहे. कच्ची शिलाई झालीय, पांढरा धावदोरा तसाच, अस्तर लावायचं बाकी. न्यायला कुणी येत नाही. वहीत बघितलं. बाप गिऱ्हाइकांची नावं लिहायचा नाही, त्याची त्याची टोपणनावं असायची. लांब्या, पोटावर-हात, घाईवाली, दोनदा-धुतला. शेवटच्या पानावर एकच नोंद. "आडमुठी. काळी." आणि मापं. खाली लिहिलंय, घाई नाही.

कोण ही आडमुठी? आमच्याकडे आडमुठ्या बायका बऱ्याच येतात. चौकातल्या चहावालीला विचारलं, तुझा कोट आहे का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला. हसत होती.

२१ नोव्हेंबर
वकीलबाईंकडे गेले. बाई हात वर करून फाइल काढत होत्या आणि काखेत हे एवढं भोक. काळा कोट विटून हिरवा पडलाय. मी विचारलं, "हा असाच घालून माझ्या भावापुढे बसणार?"
"बाई, मी अक्कल घेऊन बसते, कोट घेऊन नाही."
"अक्कल दिसत नाही, भोक दिसतं."
हसल्या. मला हसू आलं नाही. शिंप्याच्या मुलीच्या बाजूने बोलणार आणि काखेतून वारा जाणार. लोक बापाला नावं ठेवतील.

तो काळा कोट पडून आहे. पाच आठवडे कुणी फिरकलं नाही, ज्याला नको त्याचं काय राखायचं? आडमुठी आली तर तोंड देईन. वकीलबाईंचं माप घेतलं. काटकुळी आहे बाई, बराच आत घ्यावा लागणार.

२३ नोव्हेंबर
दिवसभर कोट. धावदोरा काढला आणि बघते तर काय. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, पुढे अंग सुटलं तर उसवून वाढवता येतं, त्याला माया म्हणतात. बाप अर्ध्या बोटाच्या वर माया सोडायचा नाही. कापड वाया घालवायला ते काय झाडाला लागतं, म्हणायचा. मी एकदा बोटभर सोडली तर पट्टी मारली होती हातावर. आणि इथे दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं, पाठीच्या दोन्ही शिवणींना दोन दोन बोटं. एवढी माया त्याने जन्मात कुणाला सोडली नव्हती. म्हातारपणी नजर गेली असणार, दुसरं काय.

शिवणी आत घेतल्या आणि जुनी माया सगळी छाटून टाकली. चार लांब पट्ट्या निघाल्या. कातरणाच्या टोपलीत टाकल्या.

खांदा विचित्र कापलाय. डावा खाली. तोही वर घेतला, वकीलबाईंचे खांदे सरळ आहेत. अस्तर लावलं, काजं हाताने केली. काजं चांगली झाली. कुणी म्हणणार नाही, पण झाली.

२४ नोव्हेंबर
कोट देऊन आले. बाईंनी घातला, आरशात बघितलं. मग म्हणाल्या, "असा कोट मी कधी घातला नाही हो." मी म्हटलं, काख बघा. हात वर केला. आता भोकातून काख हसत नाही.

मग कामाचं बोलल्या. त्यांनी साहेबाला निरोप धाडला होता, दुकान थोरलीला, वरच्या दोन खोल्या दोघांना एकेक, विक्री नाही. धाकटी तयार आहे. साहेबाचं उत्तर आलं, आधी माया दाखवा.

नसलेली वस्तू कशी दाखवायची? वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात गेलात तर दहा वर्षं. दहा वर्षांनी मला सुईत दोरा ओवता येणार नाही.

२७ नोव्हेंबर
आज साहेब पहार घेऊन आला. धाकटीलाही बोलावून घेतलं होतं, साक्षीला म्हणे. माझं मशीन सरकवलं आणि खालची फरशी उचकटली. चाळीस वर्षं त्या मशीनचे पाय तिथे होते, फरशीत चार खळगे पडलेत. खाली माती. साहेबाने कोपरापर्यंत हात घातला. ऑफिसचा शर्ट.
मी म्हटलं, "अजून खाली जा, तुझी लाज सापडेल."
"ताई, तू पहिल्यापासून अशीच. बाबांना तूच अडकवून ठेवलंस इथे."
"मी अडकवलं? तुला शाळेत घालायला मला शाळेतून काढलं, माहीत आहे?"
"मी सांगितलं होतं का काढायला?"
हे त्याचं खरं आहे. पण मी ते त्याला कशाला सांगू.

धाकटी मध्ये पडली नाही. ती पायरीवर बसून वही चाळत होती, पुढची बापाची पानं. टोपणनावं वाचून एकटीच हसत होती. मला आठवलं, कोट मी दुसऱ्याच बाईला देऊन बसलेय. म्हटलं हिला विचारावं, लहानपणी ही बापाच्या टेबलाखाली खेळायची, गिऱ्हाइकं हिला माहीत.
"ते शेवटचं वाच. आडमुठी. कोण गं ती?"
तिने वाचलं. हसली. मग हसायची थांबली.
"ताई, तुला खरंच माहीत नाही?"
"माहीत असतं तर विचारलं असतं का?"
"तू. बाबा तुझ्या पाठीमागे तुला आडमुठीच म्हणायचे. आडमुठीला चहा द्या, आडमुठी जेवली का. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

साहेबाचा हात अजून मातीत होता.

मी त्यांना बाहेर काढलं. दोघांनाही. दार लावून घेतलं.

२८ नोव्हेंबर
झोप लागली नाही. सकाळी उठले आणि उभ्याउभ्या कळलं.

भावजय म्हणाली तसं ठेवलीय नाही. ठेवतो तो सावकार. शिंपी माया ठेवत नाही, सोडतो. दोन बोटं.

टोपलीकडे धावले. टोपली रिकामी. दर आठवड्याला कातरण गादीवाला नेतो, काल सकाळीच नेलं होतं. चपला न घालता गेले. गादीवाला चिंध्या पिंजत होता. म्हटलं, थांब, काळी लोकर कुठे आहे.
"चिंधीसाठी एवढी धावपळ? सोनं बांधलं होतं का त्यात?"
"तोंड बंद कर आणि ढीग दाखव."
त्याच्या ढिगात गुडघ्यांवर बसले. तीन पट्ट्या सापडल्या. चौथी एका गादीत भरली गेली होती आणि गादी घरी पोचली होती. कुणाची, विचारलं नाही. निजू दे त्याला.

घरी येऊन पट्ट्यांना इस्त्री केली.

३ डिसेंबर
वकीलबाईंकडे सगळे जमले. वकीलबाई तोच कोट घालून. मला त्यांच्याकडे बघवेना, पण दुसरीकडे कुठे बघणार, टेबलापलीकडे साहेब.

तो म्हणाला, "बोला. माया आणली का?"
मी पिशवीतून तीन पट्ट्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "आणली. तिघांत वाटा. सारखी."
"ही काय चेष्टा आहे?"
मी भावजयीला विचारलं. "तू. नवऱ्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. बाबा ठेवलीय म्हणाले की सोडलीय म्हणाले?"
ती गडबडली. "तेच ना वन्सं. एकच झालं ना?"
"एक नाही. आठव."
तिने पट्टीकडे बघितलं. मग म्हणाली, "सोडलीय. कोटात माया सोडलीय. मी घरी आले, यांनी विचारलं काय म्हणाले, मी म्हटलं माया ठेवलीय. मला वाटलं, कोट असं ते गुंगीत म्हणतायत."
"कोट म्हणाले होते?" साहेब ओरडला. "हे मला कधी सांगितलंस?"
"तुम्ही माया म्हटल्यावर पुढचं ऐकलंच कुठे?"

आयुष्यात पहिल्यांदा ती बाई भांड्याबाहेर सांडली.

मग तिने आपणहून दोन बोटं जुळवली आणि पट्टीवर आडवी ठेवली. बरोबर बसली. ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त. धाकटी रडायला लागली. तिला रडायला काही लागत नाही, पण आज मी बोलले नाही.

वकीलबाईंना आत्ता उमगलं. त्यांनी स्वतःच्या बाहीकडे बघितलं आणि बटणं सोडायला लागल्या. "बाई, हा तुमचा आहे. तुम्ही बोलला का नाहीत?"
"काढू नका. तुमच्या मापाचा झालाय तो. माया मी छाटली, आता तो मला होत नाही."

साहेबाने कागद ओढला, सही केली. दुकान मला, वरच्या खोल्या त्यांना. भावजयीने त्याच्या हातात पेन दिलं होतं, ते मी बघितलं. जाताना साहेबाने एक पट्टी उचलली, खिशात घातली. मी म्हटलं, ती तुझीच आहे, चोरल्यासारखी काय घेतोस. त्याला राग आला. मलाही आला. बरं झालं, नाहीतर दोघांनाही काय करावं कळलं नसतं.

धाकटी जिन्यात म्हणाली, "ताई, माझी खोली मला नको. तू राहा."
"उपकार नकोत."
"उपकार कसले, मी तिथे येऊन करू काय? किल्ली तुझ्याकडेच आहे, तिथेच राहू दे."
किल्ली पिशवीत टाकली.

५ डिसेंबर
मागून लिहीत लिहीत आज बापाच्या शेवटच्या पानाला येऊन टेकले. समोर त्याचं अक्षर. आडमुठी. छाती, कंबर, पाठ, बाही. मी टेप घेऊन आरशासमोर उभी राहिले आणि एकेक माप ताडून बघितलं. टेप त्याने मला कधी लावला नव्हता. सगळी मापं बरोबर.

खाली लिहिलंय, डावा खांदा पाऊण इंच उतरता. हे मला माहीत नव्हतं. स्वतःचा खांदा स्वतःला मोजता येत नाही, मागून दुसरं माणूस लागतं. सकाळी चहावालीला बोलावलं, टेप धरायला लावला. पाऊण इंच.

म्हणजे मी भिंत बघत होते तेव्हा म्हातारा माझी पाठ बघत होता.

एवढं बघत होतास तर एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं, मेल्या. बापाला मेल्या म्हणू नये. पण आता ते खोटं तरी नाही.

पान संपलं.